माझ्या मशीनवर तर नीट चालतंय!

चित्र काढायचं एक सॉफ्टवेअर आहे आणि त्याबद्दल एका ओळीची तक्रार येते: "ब्रश कर्सरच्या खाली रंगवत नाही, शेजारी रंगवतो." डेव्हलपर आपल्या मशीनवर तेच करून बघतो. रंग अगदी कर्सरच्या टोकाखाली उमटतो. मग ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं जातं, "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय", आणि तक्रार बंद होते. खोटं कुणीच बोलत नसतं. दोघांच्या कॉम्प्युटरवर माउस आणि स्क्रीन यांचा हिशोब वेगळा चाललेला असतो, एवढंच.

ग्राफिक्स सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तपासताना बहुतेकांचं लक्ष चित्राकडे असतं. रंग बरोबर आहेत का, सावली पडते का, वेग किती. ते बघायलाच हवं. पण सगळ्यात चिवट बग चित्रात नसतात आणि माउसमध्येही नसतात. 'हात इथे आहे' आणि 'पिक्सेल तिथे आहे' या दोन गोष्टी जिथे जुळवल्या जातात, त्या सांध्यात ते बसलेले असतात.

शेजारी उमटणारी रेघ

आधी त्या तक्रारीचाच निकाल लावू. १९२० × १०८० पिक्सेलच्या लॅपटॉपवर अक्षरं फार बारीक दिसतात, म्हणून विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवतात. अशा वेळी प्रोग्रॅमसाठी दोन मापं तयार होतात. एक खऱ्या पिक्सेलचं, १९२० × १०८०. दुसरं हिशोबाच्या पिक्सेलचं, १२८० × ७२०. माउसची जागा एका मापात आली आणि कॅनव्हास दुसऱ्या मापात असला, की गोंधळ ठरलेला. हिशोबाच्या मापात (६००, ४००) वर केलेला क्लिक खऱ्या पिक्सेलमध्ये (९००, ६००) वर असतो. मधला दीडचा गुणाकार राहिला, तर रेघ ३०० पिक्सेल डावीकडे आणि २०० पिक्सेल वर उमटणार. डेव्हलपरच्या मॉनिटरवर स्केलिंग १०० टक्के असतं आणि एकाने गुणलं काय, न गुणलं काय, उत्तर तेच. त्याला बग दिसणारच नाही.

गंमत म्हणजे स्केलिंगची काहीच जाण नसलेला जुना प्रोग्रॅम इथे सुखरूप सुटतो. विंडोज त्याची अख्खी विंडो ताणून दाखवतं आणि माउसचे आकडेही त्याच मापात बदलून देतं. दिसायला धूसर, पण ब्रश जागच्या जागी. गोत्यात येतो तो अर्धवट सुधारलेला प्रोग्रॅम, ज्याच्या एका भागाला स्केलिंग कळतं आणि दुसऱ्याला नाही.

अशी चूक दिसली की लगेच कोड उघडू नका. आधी विंडोच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी एकेक ठिपका काढा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात ठिपका बरोबर बसतो आणि उजवीकडे खाली जावं तसं अंतर वाढत जातं, तर गुणाकार चुकलाय, म्हणजे स्केलिंग. अंतर सगळीकडे सारखंच आहे, समजा दर वेळी तीसेक पिक्सेल वर, तर बेरीज चुकलीय. बहुधा टायटल बार किंवा टूलबारची उंची धरायची राहिलीय. आणि वर काढलेला ठिपका खाली, खाली काढलेला वर, पण मधोमध अगदी बरोबर, असं असेल तर उभ्या अक्षाची दिशा उलटी झालीय.

हे शेवटचं प्लॅटफॉर्म बदलताना हमखास भेटतं. विंडोज आणि लिनक्सवर उभं अंतर वरच्या कडेपासून खाली मोजतात. मॅकची स्वतःची पद्धत खालच्या कडेपासून वर मोजायची. ओपनजीएल ही ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची पद्धतही खालूनच मोजते, मग ती कुठल्याही सिस्टिमवर चालत असो. एकाच गल्लीतल्या घरांना दोन पोस्टमन दोन टोकांकडून नंबर देत असतील तर मधल्या घराची पत्रं तेवढी बरोबर पोचतील, तसं हे. म्हणूनच विंडोच्या मध्यभागी क्लिक करून 'चालतंय' म्हणणारी टेस्ट जवळपास निरुपयोगी असते. आपोआप चालणाऱ्या बऱ्याच टेस्ट मात्र बटणाच्या किंवा चौकोनाच्या बरोब्बर मध्यावरच क्लिक करतात.

दोन मॉनिटर जोडले की आणखी एक दार उघडतं. लॅपटॉप २०० टक्क्यांवर, बाहेरचा मॉनिटर १०० वर. विंडो एकीकडून दुसरीकडे ओढत न्या आणि ती दोन्हींवर अर्धी-अर्धी असताना रेघ मारा. मग दुसरा मॉनिटर मुख्य मॉनिटरच्या डावीकडे आहे असं सेटिंगमध्ये सांगा. विंडोजवर मुख्य मॉनिटरचा डावीकडचा वरचा कोपरा (०, ०) असतो, त्यामुळे त्याच्या डावीकडचे सगळे आकडे ऋण होतात. विंडोज प्रोग्रॅमला पाठवलेल्या बऱ्याच निरोपांमध्ये माउसची जागा १६ बिटांच्या दोन तुकड्यांत देतं. ते तुकडे वाचताना प्रोग्रॅमने ऋण चिन्हाची दखल घेतली नाही, तर −१० चे ६५५२६ होतात. उजवं क्लिक केल्यावर मेनू भलतीकडेच उघडतो किंवा उघडतच नाही. हा बग खूप जुना, सगळ्यांच्या ओळखीचा आणि तरीही नव्या कोडमध्ये सापडणारा. मॉनिटर उजवीकडे ठेवणाऱ्याला तो जन्मात दिसत नाही.

माउस नेमकं काय सांगतो

कर्सर कुठे आहे हे माउसला माहीत नसतं. तो फक्त 'मी इतकं उजवीकडे सरकलो, इतकं खाली गेलो, हे बटण दाबलं, चाक इतकं फिरलं' एवढंच कळवतो. साधा यूएसबी माउस हे सेकंदाला सुमारे १२५ वेळा सांगतो, गेमिंगचा माउस १००० वेळा. त्या हालचालीवरून कर्सर कुठे न्यायचा, वेगात फिरवला तर जास्त पळवायचा का, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि प्रत्येकीचं गणित निराळं. त्यामुळे 'लिनक्सवर ब्रश जड वाटतो' ही तक्रार तुमच्या सॉफ्टवेअरची असेलच असं नाही. तोच माउस, तेच टेबल, पण मधलं गणित वेगळं.

पण एक तक्रार नक्की तुमची असते: भरभर काढलेलं वर्तुळ कोनांचं होतं. समजा वर्तुळ अर्ध्या सेकंदात काढलं. माउसने साठेक निरोप पाठवले. ब्रश मोठा आणि जड आहे, प्रत्येक ठसा उमटवायला प्रोग्रॅमला ५० मिलिसेकंद लागतात. विंडोज हालचालीचे निरोप रांगेत साठवून ठेवत नाही. प्रोग्रॅम विचारायला येईल तेव्हा त्या क्षणाची जागा सांगतं. अर्ध्या सेकंदात प्रोग्रॅम दहाच वेळा विचारायला आला, त्यामुळे वर्तुळाचा दशकोन झाला. मधले बिंदू मिळवायची सोय असते. विंडोज मागचे ६४ बिंदूंपर्यंत देऊ शकतं, मॅकवर निरोपांची ही गोळाबेरीज बंद करता येते, ब्राउझरमध्येही एकत्र झालेले निरोप सुटे करून मागता येतात. पण ते मागावे लागतात. टेस्ट करताना म्हणूनच सगळ्यात जड ब्रश, सगळ्यात मोठा कॅनव्हास आणि सगळ्यात मंद मशीन घ्यावं आणि हात जोरात फिरवावा. हळू, नीटनेटक्या हाताने केलेल्या टेस्टिंगला हा बग सापडत नाही.

बटणांची भांडणं

१९६८ साली डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस जाहीरपणे दाखवला तेव्हा त्याला तीन बटणं होती. झेरॉक्सच्या आल्टो कॉम्प्युटरलाही तीन. १९८४ चा मॅकिंटॉश मात्र एकाच बटणाचा माउस घेऊन आला. हा मतभेद अजून मिटलेला नाही, फक्त आता तो सेटिंगमध्ये लपलाय.

मॅकवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की ते उजवं क्लिक धरलं जातं. विंडोजवर 'कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे प्रत तयार होईल' असं शिकवणारं सॉफ्टवेअर जसंच्या तसं मॅकवर नेलं, की प्रत व्हायच्या ऐवजी मेनू उघडतो. मधलं बटण त्याहून वाईट. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य फिरवायला मधलं बटण लागतं. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडला ते नसतं, म्हणून ऑल्ट आणि डावं बटण असा पर्याय दिलेला आहे. पण लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर ऑल्ट धरून ओढलं की विंडोच सरकते. वापरणाऱ्याला वस्तू फिरवायची होती, फिरली विंडो. यात चूक कुणाची हा वाद घालण्यात अर्थ नाही. टेस्टरने ती टक्कर नोंदवायची आणि शॉर्टकट बदलता येतो का ते बघायचं. लिनक्सवर मधल्या बटणाने निवडलेला मजकूर पेस्टही होतो, तेव्हा दृश्य फिरवून हात मजकुराच्या चौकटीवर आला की काय होतं, तेही एकदा करून बघा.

उजव्या क्लिकचा मेनू विंडोजवर बटण सोडल्यावर उघडतो. मॅकवर आणि लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर बटण दाबताक्षणी. फरक किरकोळ वाटतो, पण दाबताक्षणी उघडलेला मेनू नेमका कर्सरच्या खाली आला, तर बोट उचलताच त्यातला पहिला पर्याय निवडला जातो. पहिला पर्याय 'लेयर काढून टाका' असला तर कामच झालं.

डबल क्लिकबद्दल फार लिहायला नको. विंडोजवर दोन क्लिकमधली मुदत मुळात ५०० मिलिसेकंद असते आणि वापरणारा ती बदलू शकतो. प्रोग्रॅमने ती सिस्टिमला विचारायची, स्वतःच्या मनाने ठरवायची नाही. ती सेटिंगमध्ये कमाल करून एकदा, किमान करून एकदा तपासलं की पुरे.

चाक मात्र दिसतं तितकं सरळ नाही. विंडोजवर चाकाच्या एका खटक्याला १२० हा आकडा येतो. लिनक्सवर विंडो दाखवायच्या एक्स ११ या जुन्या पद्धतीत चाक म्हणजे चक्क बटणच: वर फिरवलं तर चौथं दाबलं, खाली फिरवलं तर पाचवं. मॅकच्या ट्रॅकपॅडवरून तर बारीक-बारीक आकड्यांची धार येते आणि बोटं उचलल्यावरही थोडा वेळ वाहत राहते. '१२० ने भागा, पूर्णांक घ्या, तितक्या पायऱ्या झूम करा' असं लिहिलेल्या कोडला बारीक चाकाच्या माउसवरून १५, १५, १५ असे आकडे आले की प्रत्येक भागाकार शून्य. चाक कितीही फिरवा, चित्र ढिम्म. येणारे आकडे साठवत जाऊन १२० भरले की एक पायरी पुढे जायचं, हा साधा इलाज आहे. मॅकवर आणखी एक करून बघा: जोरात स्क्रोल करा, बोटं उचला, आणि पान अजून घसरत असतानाच झूमची कळ दाबा. त्या उरलेल्या धारेला प्रोग्रॅमने झूम समजलं, तर चित्र अंगावर येतं. ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरला तर ट्रॅकपॅडवरची चिमटी कंट्रोलसह फिरवलेल्या चाकासारखीच दिसते, तेव्हा चिमटी आणि कंट्रोल-चाक दोन्ही वेगवेगळं तपासायचं.

स्क्रोलची दिशा २०११ पासून मॅकवर मुळातच उलटी आहे. हे सिस्टिमवर सोडा. 'दिशा चुकलीय' म्हणून प्रोग्रॅमने स्वतः उलटवली, की ज्यांनी सेटिंग बदललंय त्यांच्याकडे ती पुन्हा उलटी होते.

क्लिक नेमका कुणाला लागला

आता त्या सांध्याकडे येऊ. त्रिमितीय दृश्यात शंभर वस्तू आहेत आणि तुम्ही एकीवर क्लिक केलंत. कुठली, हे प्रोग्रॅमला कसं कळतं? एक लोकप्रिय युक्ती अशी: पडद्याआड तेच दृश्य पुन्हा रंगवायचं, पण प्रत्येक वस्तूला तिच्या क्रमांकाचा एकच सपाट रंग द्यायचा. मग कर्सरखालचा पिक्सेल वाचायचा. रंग म्हणजेच क्रमांक. युक्ती सुंदर आहे आणि ती मोडायचे रस्तेही तितकेच.

समजा ७ आणि ९ क्रमांकाच्या वस्तू एकमेकींना चिकटून आहेत. एखाद्या ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये कडा मऊ करायची सोय सक्तीने चालू ठेवलीय. कडेवर ७ आणि ९ चे रंग मिसळले आणि पिक्सेल झाला ८. तुम्ही दोन खुर्च्यांच्या मधल्या कडेवर क्लिक केलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा दिवा निवडला गेला. चित्र बघून हा बग कधीच कळणार नाही, कारण दिसणारं चित्र निर्दोष आहे. स्केलिंग चुकलं तर भलताच पिक्सेल वाचला जातो. ओपनजीएलचा उलटा अक्ष विसरला तर आरशातला. म्हणून वस्तू निवडण्याची टेस्ट मध्यावर नको, कडांवर हवी. चिकटलेल्या वस्तू, एक पिक्सेलच्या रेघा, दुसरीच्या आड अर्धी गेलेली वस्तू.

चित्राच्या बाजूला एक गोष्ट आधीच स्वीकारलेली बरी: तेच काम वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांना दिलं, तर पिक्सेलन् पिक्सेल तोच येत नाही. दशांशाचं गणित, कडा मऊ करायची पद्धत, अक्षरं रंगवायची पद्धत, सगळ्यांत बारीक फरक असतो आणि नियमांनी तो मान्यही केलेला आहे. शिवाय ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचायच्या वाटाही वेगळ्या. विंडोजवर डायरेक्टथ्रीडी, मॅकवर मेटल, लिनक्सवर ओपनजीएल किंवा व्हल्कन. ॲपलने ओपनजीएल ४.१ च्या पुढे नेलंच नाही आणि २०१८ मध्ये ते जुनं ठरवून बाजूला ठेवलं. व्हल्कन तिथे मोल्टनव्हीकेसारख्या थराच्या मदतीने मेटलवर चालवावं लागतं. ड्रायव्हरांचे स्वभावही वेगळे. एखादा कोडमधली ढिलाई चालवून घेतो, लिनक्सवरचा मेसा सहसा नियमावर बोट ठेवतो. मी तर म्हणेन, कडक ड्रायव्हरवरच आधी तपासा, शिव्या लवकर खाल्लेल्या बऱ्या.

नमुन्याच्या चित्राशी ताडून बघणाऱ्या टेस्टमध्ये म्हणूनच थोडी सूट द्यावी लागते. पण १००० × १००० च्या चित्रात निवडलेल्या वस्तूभोवतीची ५०० पिक्सेलची चौकट उमटलीच नाही, तरी फरक भरतो ०.०५ टक्के. सूट ०.१ टक्का असेल तर टेस्ट खुशाल पास. किती पिक्सेल चुकले यापेक्षा ते विखुरलेत की एकाच ओळीत आहेत हे बघणं जास्त कामाचं. आणि ताडायचं चित्र स्क्रीनशॉटमधून घेऊ नका, प्रोग्रॅमच्या आतून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये मॉनिटरची रंगव्यवस्था मिसळलेली असू शकते.

खोटा हात

माणूस दर वेळी हजार क्लिक करू शकत नाही, म्हणून स्क्रिप्ट लिहितात. तिच्या मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. स्क्रिप्टचा कर्सर एका जागेवरून थेट दुसरीवर उडी मारतो. मधल्या वाटेवरच्या कशालाच तो शिवत नाही. खरा हात वाटेत चार बटणांवरून जातो, त्यांचे रंग बदलतात, टूलटिप उघडते, एखादा पॅनेल सरकतो. त्यातले बग स्क्रिप्टला भेटत नाहीत. क्लिक करतानाही माणसाचा हात एखाद-दोन पिक्सेल हलतो. प्रोग्रॅमला तो ड्रॅग वाटला, तर वस्तू निवडली न जाता किंचित सरकते. हे मुद्दाम स्क्रिप्टमध्ये घालावं लागतं: दाबा, दोन पिक्सेल हलवा, सोडा.

मॅकवर २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून खोटे क्लिक पाठवायला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर स्क्रिप्ट मुकाट चालते आणि काहीच होत नाही. विंडोजवर प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या विंडोला साध्या स्क्रिप्टचे क्लिक पोचत नाहीत. लिनक्सवर असे क्लिक पाठवणारं एक्सडूटूल अनेक वर्षं भरवशाचं होतं, पण ते एक्स ११ चं. एक्स ११ ची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडवर ते फक्त जुन्या पद्धतीने चालणाऱ्या विंडोंपर्यंत पोचतं. म्हणजे टेस्ट एका वाटेवर पास होते आणि वापरणारा दुसरीवरून चाललेला असतो. वेलँडवर प्रोग्रॅमला पूर्ण स्क्रीनवर कर्सर कुठे आहे हेही विचारता येत नाही. कर्सर कडेला पोचला की गुपचूप दुसऱ्या कडेला नेऊन ठेवायची जुनी युक्ती तिथे चालत नाही, त्यासाठी कर्सर बांधून ठेवायची वेगळी सोय वापरावी लागते. व्हर्च्युअल मशीनमध्येही (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही) असंच. तिथे माउस अनेकदा हालचाल न सांगता थेट जागा सांगतो, आणि हालचालीवर चालणारा कॅमेरा गरगर फिरतो.

हाताने करायची एक तपासणी कुठल्याही प्लॅटफॉर्मवर सोडू नये. रेघ ओढत-ओढत विंडोच्या बाहेर जा आणि बाहेरच बटण सोडा. आत परत आल्यावर ब्रश अजून रंगवत असेल, तर बटण सुटल्याचा निरोप हरवलाय. ओढतानाच दुसऱ्या प्रोग्रॅमवर जा, ओढतानाच एस्केप दाबा, ओढतानाच उजवं बटण दाबा. मग पेन टॅब्लेट असेल तर तेच पेनने. विंडोजवर पेनचा निरोप यायच्या दोन वाटा आहेत, जुनी विनटॅब आणि नवी विंडोज इंक. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तर कुठली घ्यायची हे सेटिंगमध्येच निवडता येतं. एका वाटेवर दाब नीट कळतो आणि दुसरीवर नाही, असं होऊ शकतं.

सगळंच सगळीकडे तपासणं शक्य नाही. तीन सिस्टिम, तीन प्रकारची ग्राफिक्स कार्डं, चार स्केलिंग, चार प्रकारची माउस-ट्रॅकपॅड-पेनं धरली तर १४४ जोडण्या होतात. पण कुठल्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी निदान एकदा समोर यावी एवढंच ठरवलं तर १६ पुरतात (त्यातल्या काही प्रत्यक्षात जमणाऱ्याच नसतात, त्या बदलून घ्याव्या लागतात). इतकीही मशीनं नसतील तर मी या तीन घेईन: वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर जोडलेला, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायचा साधा विंडोज लॅपटॉप, माउस न जोडलेला मॅक, आणि वेलँडवर चालणारा लिनक्स.

आणि पहिल्या दिवशी, ब्रशच्याही आधी, सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी नोंदवही घालून घ्या, जी आलेला प्रत्येक निरोप वेळेसकट लिहून ठेवेल: कुठलं बटण, कुठली जागा, कुठल्या मापात, स्केलिंग किती, निरोप माउसचा की पेनचा. "ब्रश शेजारी रंगवतो" या तक्रारीसोबत त्या नोंदवहीच्या वीस ओळी आल्या असत्या, तर डेव्हलपरला आपलं मशीन उघडून बघायची गरजही पडली नसती; '१५० टक्के' आणि '(६००, ४००)' हे दोन आकडे एका ओळीत वाचूनच त्याने गुणाकार शोधायला घेतला असता.